वासासकट

एजंटने कुलूप काढलं आणि सगळ्यांच्या आधी आत शिरून दोन-तीनदा सुगंधी फवारा मारला. मग दारातून बाजूला होत म्हणाला, "या साहेब, या."

साहेब म्हणजे दादा. घर घेणार होती ती त्याची धाकटी बहीण, आणि ती अजून जिन्यातच होती, आईला हात देत एकेक पायरी चढवत.

दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, एक चिंचोळी बाल्कनी. खिडक्या सगळ्या बंद. एजंट भिंत थोपटून दादाला दाखवत होता. "हा भाग आत्ता कुठे वर येतोय, साहेब. कोपऱ्यावर बँक येतेय, पुढच्या वर्षी रस्ता रुंद होतोय. पहिलंच घर घेणाऱ्याने इथे घ्यावं. नंतर हात चोळत बसण्यापेक्षा आत्ताच ठरवा."

बहीण तोवर न्हाणीघरात जाऊन आली होती. नळ सोडून, जाळीवर पाणी किती वेळ थांबतं ते तिने पाहिलं होतं.

"खिडक्या का बंद आहेत?" तिने विचारलं.

"धूळ येते ना, ताई. समोर बांधकाम चाललंय."

समोर बांधकाम नव्हतं. तिने खिटी सरकवली. लाकूड फुगून घट्ट बसलं होतं. तळव्याने दोन रट्टे दिले तेव्हा खिडकी उघडली आणि वास आत आला.

दादाने रुमाल काढून नाकाला लावला.

"आजच जरा आहे," एजंट घाईने म्हणाला. "वारा उलटा आहे. आणि ते सांडपाण्याचं केंद्र हलतंय, साहेब. पार शहराबाहेर. फाइल पास झालीय. दोन वर्षांत तिथे बाग दिसेल तुम्हाला."

"नाही हलणार," ती म्हणाली.

"ताई, माझ्याकडे आतली बातमी आहे."

"मी आतच असते. सकाळच्या शिफ्टला पंप माझ्याकडे असतात. मागच्या महिन्यात दोन नवे बसवले, पक्का पाया घालून. हलवायचं असतं तर बसवले असते का?" तिने खिडकी पूर्ण उघडली. "आणि वास रोज येतो. दुपारी दोन ते चार, गाळ उपसतात तेव्हा. संध्याकाळी वारा फिरला की जातो. थंडीत कमी असतो."

एजंटने आशेने दादाकडे पाहिलं.

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं," दादा रुमालाआडून म्हणाला. "आयुष्यभराची कमाई तू इथे घालणार. वीस वर्षं हा वास अंगावर घेऊन घरी येतेस. आम्ही कधी बोललो का काही?"

"बोलला नाहीत. मागच्या दाराने यायला सांगितलंत. साबण वेगळा ठेवलात."

"तुझ्या भल्याचं सांगतोय. चांगल्या वस्तीत भाड्याने राहिलेलं बरं. मी नाही राहत?"

"राहतोस की. दर तीन वर्षांनी खोकी बांधतोस."

"पण लोक येतात माझ्याकडे. इथे कोण येणार तुझ्याकडे? पाहुणे उंबऱ्यावरून परत जातील. माझी मुलंसुद्धा यायची नाहीत."

"तुझ्या घरून रोज येतंच काही ना काही माझ्याकडे," ती शांतपणे म्हणाली. "सकाळी सात ते नऊ तर नुसता लोंढा असतो. अख्ख्या शहराचा. हा वास कुणाचा वाटतो तुला, दादा? माझा?"

एजंटला हसू आलं ते त्याने खोकल्यावारी नेलं. ती त्याच्याकडे वळली.

"केंद्र हलणार म्हणून तुम्ही भाव चढवून सांगितलात. ते हलत नाही. आता वासासकट भाव सांगा."

एजंटने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मालकाशी बोलतो, ताई. कमी होईल. पण खरं सांगू का, पुढे विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे."

"विकायला कोण घेतंय?"

दादाने रुमालाची घडी घातली. "हिच्यापुढे डोकं फोडून उपयोग नाही. आई, चल, निघू आपण."

आई त्यांच्याजवळ नव्हतीच. ती लहान खोलीच्या दाराशी उभी राहून कडी मागेपुढे करून बघत होती. दादाच्या घरी ती बैठकीच्या खोलीत दिवाणावर झोपायची. आलेगेले उठेपर्यंत डोळे ताणून बसायची आणि सकाळी कुणी यायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवायची.

"ही खोली कुणाची गं?" तिने विचारलं.

"तुझी," लेक म्हणाली.

"कडी आतून लागते का?"

"लागते की, आजी," एजंट म्हणाला. "गंजलीय थोडी. तेल घालून देतो."

"राहू दे."

आई आत गेली. दार लोटलं गेलं. कडी अडखळली, कुरकुरली, मग खट्कन बसली.

बराच वेळ गेला तशी दादाने पुढे होऊन दारावर टकटक केली.

"कोण आहे?" आतून आईने विचारलं.