खांबाची वही

"तीन तारीख. सात वीस, अकरा मिनिटं. आठ पाच, नऊ मिनिटं. दहा चाळीस, तेरा मिनिटं."

सुपरवायझर अप्पाराव वही वाचत होता, तीही खड्या आवाजात. वाळूजच्या त्या कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर अठरा बायका. शिफ्टच्या आधी रोज पाच मिनिटं दोन रांगांत उभं राहायचं, काल किती माल परत आला ते ऐकायचं आणि कामाला लागायचं. आज मालाचं नाव नव्हतं. आज सगळ्यांसमोर रत्नमालाचं पोट वाचायला घेतलं होतं.

ही वही लाइनच्या खांबाला दोरीनं बांधलेली असे. बाथरूमला जायचं तर आधी सुपरवायझरला सांगायचं, आपल्या जागी कुणाला तरी उभं करायचं, मग निघायचं. गेल्याची वेळ, आल्याची वेळ तो लिहायचा. बाकीच्यांची नावं दिवसाकाठी एकदा, फार तर दोनदा. गेल्या तीन महिन्यांतली अर्धी वही मात्र एकट्या रत्नमालानं भरली होती.

"महिनाअखेर हिचं कॉन्ट्रॅक्ट नवं व्हायचंय," अप्पाराव म्हणाला. "आज ही वही हापिसात चालली. ह्या मॅडमना ठेवायचं का घरी बसवायचं, ते बघतील."

बजाजनगरातलं तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं हे त्याला ठाऊक होतं. मेला म्हणूनच हसत होता.

"सर, पोटात मुरडा येतो," रत्नमाला म्हणाली. "जाऊन आलं की थांबतो. तासाभरानं पुन्हा येतो. मी काय हौसेनं जाते व्हय?"

"रिपोर्ट काय आले?"

तिनं ॲप्रनची गाठ आवळली.

"सांग की. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. काय निघालं?"

"नॉर्मल."

"नॉर्मल!" त्यानं टाळीच वाजवली. "म्हंजे पोटात काय नाय. जे हाय ते डोक्यात."

मागच्या रांगेत दोघी हसल्या. त्यातल्या एकीच्या जागेवर रत्नमाला परवाच अर्धा तास उभी राहिली होती. तिला अप्पारावपेक्षा त्या हसण्याचाच जास्त राग आला.

रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी तिला खोदून खोदून विचारलं होतं. रक्त पडतं का? नाही. वजन उतरलं का? नाही. रात्री झोपेतून उठावं लागतं का? कधीच नाही. पोट फुगतं का, कधी पातळ, कधी दोन दिवस काहीच नाही, असं होतं का? होतं. मग त्या म्हणाल्या, "रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे तुम्ही खोटं बोलता असं नाही. ताणानं आवळणाऱ्या चिडक्या आतड्याचा फोटो निघत नाही बाई. त्याचा माग रोजच्या वेळांवरून काढावा लागतो. कधी दुखलं, कितीदा गेलात, त्या वेळी काय चाललं होतं, सगळं लिहून आणा." रत्नमालानं कोरी वही आणलीही. पण असलं काय लिहायचं, म्हणून लाजेनं एक अक्षर उमटलं नव्हतं.

"आता खरी गंमत ऐका," अप्पारावनं पान उलटलं. "दहा ते सतरा तारीख. मी भाच्याच्या लग्नाला कन्नडला गेलतो. वही सगीराकडं होती."

सगीरा म्हणजे लाइनवरची सगळ्यात जुनी बाई. तिनं मान हलवली.

"ह्या आठ दिवसांत रत्नमालाच्या नावापुढं काय? रोज एकदा. बस! बाई ठणठणीत. अठराला मी आलो. अठराला पाच वेळा. एकोणीसला सहा." त्यानं वही फाटकन मिटली. "सर नसले की पोट बरं, सर आले की बिघडलं. ह्याला नाटक नाय तर काय म्हणायचं?"

या वेळी कुणी हसलं नाही. रत्नमालानं मान वर केली.

"सर, ते पुन्हा वाचा."

"कोणतं?"

"दहा ते एकोणीस."

त्यानं आनंदानं वाचलं. तारीख, वेळ, मिनिटं. एकही चूक नव्हती; माणूस कामाला चोख होता. शिफ्टला मोबाइल जमा करावे लागत, ते अजून व्हायचे होते. रत्नमालानं आपला बाहेर काढला.

"ह्या पानांचे फोटो काढते. डॉक्टरला दाखवायचेत."

"काढ, काढ. घरी फ्रेम करून लाव."

सगीरानं वही त्याच्या हातातून घेतली. "निकाल ले, मैं पकडती," म्हणाली आणि एकेक पान अंगठ्यानं दाबून धरू लागली. तीन महिने. चौदा पानं. अप्पारावचं हसू नवव्या पानापर्यंत टिकलं.

शेवटच्या पानाला रत्नमालाच्या बेंबीखालून ओळखीचा मुरडा उठला. रोज अशा वेळी ती खाली बघून परवानगी मागायची. आज तिनं दोरीला लटकणारं पेन त्याच्या हातात दिलं.

"सर, मी चालले. सात पाच. लिहा," ती म्हणाली. "आणि त्याच्या शेजारी लिहा, तेव्हा समोर कोण उभं होतं."