वास कुठून येतो

"मोरीच्या जाळीखालचं पाणी आटलंय, दुसरं काही नाही," सल्लागार म्हणाला आणि त्याने बादलीभर पाणी जाळीत ओतलं.

सल्लागार हे त्याचं कॉलनीतलं टोपणनाव. पोटापाण्यासाठी तो विमा कचेरीत कागद तपासायचा; पण कुणाचा नळ ठिबकू दे, फ्रीज कण्हू दे, कॉलनीच्या ग्रुपवर पहिलं उत्तर त्याचंच. कुणी विचारलेलं असो वा नसो.

"अहो, तिसरी बादली गेली त्या जाळीत," बायको रुमालातून म्हणाली. "वास जागचा हललेला नाही."

वास सासूबाईंच्या, म्हणजे सल्लागाराच्या आईच्या, खोलीत होता. कुजका, वर किंचित गोडसर. दारातून आत पाऊल टाकलं की घशाशी यायचा, आणि बाहेर आलं तरी केसांत राहायचा. सूनबाईचं दुपारचं जेवण त्याच्यामुळे सुटलं होतं.

सासूबाई मात्र खाटेवर शांत बसलेल्या. नाकाखाली बाम फासलेला, पुढ्यात वॉकर. "मला मेलीला सर्दी. काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण वॉशिंग मशीनची नळी बघितलीस का रे? आमच्या होस्टेलात एकदा तीच निघाली होती."

चाळीस वर्षं त्यांनी होस्टेलचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. त्यांच्या शब्दाला वजन होतं. सल्लागाराने मशीन आडवी केली, नळी ओढून काढली. आतून राखाडी बुळबुळीत लगदा बाहेर आला, केसांचा पुंजका आला आणि लेकीचा कधीचा हरवलेला मोजा आला. सूनबाई उलटी करून आली.

वास तसाच.

ग्रुपवर स्वतःच्या नावाने विचारायची सल्लागाराला लाज. त्याने लिहिलं, "एका मित्राच्या घरी असा असा वास येतो." उत्तरांचा पाऊस पडला. व्हिनेगर शिंपडा. कोळसा ठेवा. चिरलेला कांदा ठेवा. कपाटामागे उंदीर मेला असेल. त्याने सगळं केलं. कांदा, कोळसा आणि व्हिनेगर मिळून वासाला भाऊबंद तेवढे लाभले.

शेवटी खोली रिकामी करून सासूबाईंना हॉलमध्ये हलवलं. तिसऱ्या दिवशी खोली स्वच्छ, आणि हॉलमध्ये तोच वास.



दुसऱ्या दिवसापासून सूनबाई त्यांना दोनदा आंघोळ घालू लागली. नखं कापली, कानामागे पुसलं, चादरी उकळल्या. खाट, खुर्ची, वॉकरचे उंची बदलायच्या भोकांचे पाय, सगळं फिनेलने पुसून काढलं. पुसताना तिचं तोंड आपोआप वाकडं व्हायचं, आणि सासूबाईंनी ते पाहिलं की तिला स्वतःचीच किळस यायची.

डॉक्टरांनी दात पाहिले, कान पाहिले, तळपाय पाहिले. "माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. दोन वर्षांपूर्वी पडल्या होत्या, त्याचाही मागमूस नाही."

"तरी वॉकर सोडायचा नाही," सल्लागाराने तिथल्या तिथे बजावलं. आई एकदा घसरली तेव्हापासून त्याने सगळा बंदोबस्त स्वतःच्या हाताने केला होता. भिंतीला दांडे, खाटेखाली घंटी. आई उठली की घंटी वाजायची आणि घर धावायचं. फाटकाबाहेर जायची बंदी. ताकदीसाठी रोज सकाळी एक उकडलेलं अंडं सक्तीचं. तेही त्याने कुठेतरी वाचलेलं.

"मी सावकाश खाईन," म्हणत सासूबाई बशी घेऊन कोपऱ्यात पाठमोऱ्या बसायच्या.

मग एका संध्याकाळी नात अभ्यासाची वही घेऊन आली, आजीजवळ टेकली आणि उठली. "आजी, तुला घाण वास येतो गं."

सासूबाईंनी बाम जास्तच चोळला. डोळ्यांत पाणी आलं ते बामाचं की कशाचं, कळलं नाही.

धाकटी बहीण दोन वर्षं त्यांना बोलावत होती. एकटीच राहायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला. सल्लागाराचं उत्तर ठरलेलं: "आई माझ्या घरातून हलणार नाही. लोक म्हणतील, दुनियेचे नळ सांभाळतो, आई सांभाळता येत नाही."

त्या संध्याकाळी त्यानेच मावशीला फोन लावला. "थोडे दिवस," एवढंच म्हणाला.

निघताना सूनबाई रडली. "आई, माझंच काहीतरी चुकलं. मला ती घाण शोधता आली नाही."

सासूबाईंनी तिचा गाल कुरवाळला. "वेडी आहेस. तुझा हात फिरला तेवढा माझ्या आईचाही फिरला नव्हता माझ्यावरून. खिडक्या उघड्या ठेव, दोन दिवसांत जाईल सगळं. आणि जेव गं नीट."

गाडीच्या चारही काचा खाली होत्या. तरी सल्लागार सबंध रस्ता मान बाहेर काढून चालवत होता. मावशीच्या फाटकाशी त्याने पिशवी उतरवली, वॉकर उघडून आईच्या हातात दिला. तिच्याकडे बघणं त्याला जमेना. "हा सोडू नकोस, आई."

"जा बाबा तू. उशीर होईल."

गाडी वळणाआड गेली. बहीण पायरीवरून धावत आली आणि दोन हातांवरच थबकली, नाक मुठीत धरून. "ताई! शी! काय घाण गं ही!"

"थांब, पुढे येऊ नकोस."

सासूबाईंनी वॉकर कचऱ्याच्या डब्यावर आडवा धरला. एका पायाचं रबरी बूच पिळून ओढलं. पोकळ नळी डब्याच्या काठावर आपटली, तसा आतून हिरवट-करडा, चिकट लगदा भसकन खाली पडला. मग दुसरा पाय. मग तिसरा. चौथा आपटून झाल्यावर त्यांनी वॉकरही डब्यात टाकला, रुमालाने नाकाखालचा बाम पुसला आणि पिशवी खांद्याला लावून चारही पायऱ्या दमदार चढून गेल्या.

"उद्या नाश्त्याला काहीही कर," त्या म्हणाल्या. "फक्त अंडं नको."