पिवळा दिवा

"अरे, हा पिवळा दिवा कसला?" पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेल्या आईने पुन्हा विचारलं.

"टायरमध्ये हवा कमी आहे म्हणतो. थंडीत होतंच तसं. ऊन चढलं की विझेल," गाडी चालवत दादा म्हणाला.

ऊन चढलं, दिवा विझला नाही. मी मागून म्हटलं, "पंपावर दाखवू या का?"

"आता तू सुरू हो!" दादा भडकला. चहाच्या टपरीवरून त्याने गणपतीचा स्टिकर आणला आणि नेमका त्या दिव्यावर चिकटवला. आईने भाबडेपणाने हात जोडले.

घाट उतरताना टायर फुटला. आम्ही दोघं वाचलो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगतो, "आईची वेळच आली होती." लोक माना डोलावतात.

काल आईची शाल आणायला आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मी मेकॅनिकला किल्ली फिरवायला लावली आणि नखाने स्टिकर खरवडून काढला. खाली दिवा जळतच होता.

बाहेर टळटळीत दुपार होती.

"दादा," मी म्हटलं, "ऊन चढलंय बघ. विझतोय का?"