लिंबू

पडद्यावरच्या बाईनं नुसतं बोट खाली केलं, आणि तो उंचापुरा गडी मुकाट गुडघ्यांवर बसला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंना मात्र हसू आलं नाही. साधी प्रेमकथा समजून तिकिटं त्यांनीच काढली होती. त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. नवरा मन लावून बघत होता, मांडीवर त्यांची पर्स धरून. धरा म्हटलं होतं म्हणून.

प्रेमकथाच होती ती, पण तऱ्हा न्यारी. ती हुकूम सोडायची, तो झेलायचा, आणि त्यातच दोघांना सुख होतं. फक्त एक शब्द त्यांनी ठरवून ठेवला होता, ‘लिंबू’. तो ‘लिंबू’ म्हणाला की तिनं जागच्या जागी थांबायचं. एकदा तो म्हणाला, आणि ती खरंच थांबली. बाईंनी पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं.

त्यांचा सगळा संसार हुकूम सोडण्यात गेलेला, तोही ‘अहो’ लावून. दिवसभर गाडीत ‘क्लच दाब, आरशात बघ’, आणि घरी ‘अहो, हा शर्ट नको, तो घाला’. जाऊबाई बाईंच्या नवऱ्याला ताटाखालचं मांजर म्हणायच्या, तर बाई ते मिरवायच्या. शिकवायच्या गाडीत बाईंच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. घरी नवऱ्याला त्यांनी तो दिलाच नव्हता. बिचारा प्रेमानं ऐकत होता की भीतीनं?

बाहेर आल्यावर पर्स परत घेत त्या म्हणाल्या, “चहाला कुठे बसायचं, तुम्ही सांगा.”

नवऱ्यानं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ताप तर नाही.”

“थट्टा नको. आपल्यात तो लिंबू नाही हो. तुम्ही मला कधी थांब म्हणालाच नाहीत.” बाईंचे डोळे भरून आले.

“म्हणालो की. मिशी काढा म्हणालीस, तेव्हा मी काय म्हणालो?”

“‘बरं बरं’ म्हणालात.”

“आणि घड्याळांचं दुकान बंद करून माझ्या गाड्यांचं बघा म्हणालीस, तेव्हा?”

“‘बरं बरं’च.” बोलता बोलता बाईंची नजर त्याच्या मिशीवर गेली. ती होती तिथेच होती. दुकानही रोज उघडत होतं.

“मी दोनदा ‘बरं’ म्हणालो की तू आपणहून विषय सोडतेस. आजवर एकदाही रेटलं नाहीस,” तो म्हणाला. “आणि एकदा म्हणतो ना, तेव्हा म्हणताना मलाच बरं वाटतं.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून त्यांनी पदर सारखा केला.

“मग उभे काय राहिलात? ही पर्स धरा, आणि माझ्या डाव्या बाजूनं चला.”

“बरं,” तो म्हणाला. एकदाच.