बाटलीतली शिट्टी

तान्ह्या लेकीच्या आईला दर दोन-तीन महिन्यांनी न्यूमोनिया गाठायचा, तोही उजव्या फुप्फुसात एकाच जागी.

"मग तिथे नक्कीच कुणीतरी बिऱ्हाड थाटलंय," म्हणत डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली आणि तिच्या लहानपणी श्वासाबरोबर आत गेलेली इवलीशी शिट्टी बाहेर काढून बाटलीत घालून दिली.

"तरीच ही लहानपणापासून सुरात घोरायची. मी उगाच हिच्या बाबांना दोष देत आले," तिची आई, म्हणजे बाळाची आजी, म्हणाली.

घरी येताच बाळाच्या आईने बाटली फळीवर ठेवली, आजाराच्या भीतीने लांब ठेवलेल्या लेकीला छातीशी धरलं आणि भरभरून श्वास घेतला. फळीवरच्या बंद बाटलीत शिट्टी बारीक वाजली. श्वास सोडला, तशी पुन्हा वाजली. लेक खुदखुदली.

गंमत म्हणून तिने श्वास रोखून धरला.

शिट्टी वाजतच राहिली, संथ, एखादी लहान मुलगी गाढ झोपली असावी तशी.