पहिली पापकबुली

यशोधनने ईस्टरला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा डोक्यावर पाणी पडताच त्याला धाकट्या भावाची बोटं मनगटावर आवळल्यासारखी वाटली. वीस वर्षांपूर्वी खारून नदीच्या पुरात स्वतःचा जीव वाचवायला त्यानेच तो हात सोडवला होता, आणि घरी सांगितलं होतं की धाकटा दिल्लीला पळून गेला. पहिल्या पापकबुलीत त्याने हे सांगितलं. नागपूरकडचे म्हातारे फादर म्हणाले, “ते पाप बाप्तिस्म्यातच धुतलं गेलं, बेटा.” “बाप्तिस्म्याच्या वर्गात शिकलो तसं. पण आई अजून त्याची वाट पाहून राहिली, फादर.” फादर म्हणाले, “मग तिच्यापाशी जा.” यशोधन भरदुपारी तेलीबांधा वस्तीतल्या आईच्या घरी गेला. आई तांदूळ निवडत होती. त्याने सगळं सांगितलं. सूप बाजूला ठेवून तिने एवढंच विचारलं, “पाणी लय थंड होतं का रे?”