पारुबाईची वीत

“दोन ओळींत जागा किती?” युसूफभाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

अमृतरावांना सांगता येईना. हिंगोलीतल्या युसूफभाईंच्या दुकानात छोटा लाल ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. त्याला मागची चाकं अजून बसायची होती. भिंतीला टायरांचे दोन जोड टेकवून ठेवले होते, एक रुंद, एक अरुंद. बाजूला दोन रोटाव्हेटर होते, एक साडेतीन फुटी, दुसरा तीन फुटी. ट्रॅक्टर कपाशीच्या दोन ओळींमधून जाणार आणि मागचा रोटाव्हेटर तण मातीत घालणार, असा हिशेब होता. ओळी साडेचार फुटांवर असतील तर रुंद जोड आणि मोठा रोटाव्हेटर चालणार होता. चार फुटांवर असतील तर अरुंद जोड आणि लहान रोटाव्हेटरच हवा. माप चुकलं तर तणाबरोबर कपाशीही जाणार होती. अमृतरावांचा जीव मात्र रुंद टायरांवर जडला होता. साठी उलटली तरी असल्या बाबतीत माणूस पोरच असतो.

“फूट-इंच मला इचारू नका,” ते शेवटी म्हणाले. “आमच्या गावात पारूची वीत चालते. म्हणून तर तिला संग आणलं.”

पारुबाई दाराजवळ पोत्यावर बसली होती. सेनगावाकडच्या त्यांच्या गावात तिची अकरा बायांची टोळी होती. कपाशीची सरकी लावायची दोरी तीच आखायची. सहा वितांवर एक गाठ, गाठीवर एक ओळ. तीस वर्षं गावातली सगळी शेतं तिच्या हाताने मोजली गेली होती आणि कुणी कधी टेप लावून पाहिली नव्हती. पेरणीनंतरचं निंदणही याच अकरा जणी करायच्या. पावसाळ्यातले दोन महिने त्यांच्या चुली त्यावरच पेटायच्या.

सकाळी जीपमध्ये बसल्यापासून अमृतराव तिच्याशी ट्रॅक्टरबद्दल एक शब्द बोलले नव्हते. नारळ फोडायची वेळ येईपर्यंत नव्या कामाबद्दल बोलायचं नाही, बोललं की काम मोडतं, असा त्यांचा पक्का समज होता. त्यामुळे पारुबाईला जे कळलं ते रोटाव्हेटरची पाती पाहून कळलं. अकरा जणींचं आठवड्याचं काम हे यंत्र एका दिवसात उरकणार. आणि त्याचं माप तिनेच द्यायचं. तिला संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली.

“मावशी, किती वीत?” युसूफभाईंनी विचारलं.

“सहा.”

“हात ठेवा इथं.”

तिने पंजा काउंटरवर टेकवला. युसूफभाईंनी शेजारी टेप धरली. पारुबाईने बोटं ताणली. रोजच्यापेक्षा जास्त ताणली. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तरी हात हलू दिला नाही.

“नऊ इंच बराबर. सहा वीत म्हणजे साडेचार फूट. आबा, रुंद जोड आरामात जातो.”

अमृतरावांचा चेहरा फुलला. पारुबाई पुन्हा पोत्यावर जाऊन बसली आणि हात पदराखाली घेतला. तोंडाने ती काहीच खोटं बोलली नव्हती. आता काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. पहिल्याच फेरीत दोन ओळी उखडतील. अमृतराव यंत्राला शिव्या घालतील. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी पडून राहील आणि बायांना निंदायला यायचा निरोप येईल. त्या दोन ओळींतली सरकी तिनेच लावली होती, वीतभर वाढलेली झाडं ती परवाच पाहून आली होती. त्यांचा विचार तिने मनातून काढून टाकला.

टायर बसायला तासभर लागला. ठोकळे काढले, ट्रॅक्टर जमिनीवर आला. अमृतरावांनी पिशवीतून हळदकुंकू काढलं, बॉनेटला बोट लावलं. मग नारळ काढला आणि पारुबाईच्या हातात दिला.

“फोड.”

“मी काहून? मालक तुमी.”

“जो चालवल त्यानं फोडायचा असतो,” अमृतराव म्हणाले. नारळ फोडायची वेळ आली तसं त्यांचं तोंड सुटलं. “माझा मणका गेला, मला दणके सोसत न्हाईत. पोरं पुण्याहून येत न्हाईत. म्हणलं, घ्यायचा तर पारूच्या बायांसाठी घ्यावा. युसूफभाईची लेक नाहिद चालवायला शिकवल. माझं रान निंदून द्या, मंग गावभर फिरवा. कमाई तुमची. कंबर मोडून वाकायचं बास झालं आता.”

पारुबाई नारळ धरून उभी राहिली. समोर रुंद टायर होते, त्यांच्यावरचे रबराचे कंगोरे अजून कोरे होते. गप्प राहिलं तर आठ दिवसांत सगळं उघडं पडणार. बोललं तर आत्ता, या दोघांसमोर, तीस वर्षांचा हात खोटा ठरणार.

ती काउंटरपाशी गेली. नारळ डाव्या हातात धरला आणि उजवा पंजा टेकवला. या खेपेला बोटं सवयीने जेवढी उघडायची तेवढीच उघडली.

“युसूफभाई, परत मोजा. मगाशी म्या हात ताणला व्हता.”

टेप आठवर थांबली. सहा वीत, चार फूट. युसूफभाईंनी अमृतरावांकडे पाहिलं. अमृतराव त्या हाताकडे पाहत होते, मग तिच्या तोंडाकडे, मग बराच वेळ रोटाव्हेटरच्या पात्यांकडे.

“रुंद जोड उतरवा,” ते म्हणाले.

युसूफभाईंनी तिच्याकडचा नारळ घ्यायला हात पुढे केला.

“तो ऱ्हाऊ द्या,” अमृतराव म्हणाले. “तिच्याच हातात ऱ्हाऊ द्या.”